गाऊनखालच्या उंच टाचेस खुले पत्र

गाऊनखालच्या उंच टाचे,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुला तो लिहायला माझा हात वळत नाही. तुझ्याशी माझं भांडण आहे आणि ते चार लोकांसमोर व्हावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी वसईत नवरीचे गाऊन शिवते. गळ्याची, बाह्यांची, कमरेची मापं उभ्याने घेता येतात. घेराची खालची दुमड मात्र नवरीच्या पायाशी जमिनीवर बसून, ओठांत टाचण्या धरून घ्यावी लागते. त्यामुळे लग्नघरात कुणाला दिसत नाही ते मला दिसतं. मुलगी तुझ्यावर चढते तेव्हा तिची बोटं एकमेकांवर रेलून पांढरी पडतात. घोटे थरथरतात. तोल सावरायला गुडघे किंचित वाकतात आणि कमरेला बाक येतो. वर आरशात ती हसत असते, कारण आई, मावशी, करवली सगळ्या तिच्याकडे पाहत असतात. खाली तिचे पाय तुझ्या मापात मावायला धडपडत असतात. ‘होईल सवय’ असं कुणीतरी म्हणतं आणि तू घरात येतेस.

आता मला सांग, तू तिथे कुणासाठी असतेस?

नवरीचा गाऊन जमिनीला टेकेल इतका लांब असतो. आत कॅनकॅनचे थर, त्यावर अस्तर, त्यावर सॅटिन किंवा नेट, त्यावर लेस, आणि मागे हातभर ट्रेल. वडिलांचा हात धरून ती वेदीकडे चालू लागते तेव्हा बाकांवरच्या माणसांना तिचा चेहरा दिसतो, व्हेल दिसते, हातातला फुलांचा गुच्छ दिसतो. तू दिसत नाहीस. जेमतेम एखाद्या पावलाला तुझं टोक बाहेर डोकावतं. चार इंच उंची आणि त्यासाठी मोजलेले हजारो रुपये, सगळं कापडाआड. साडीखालची चप्पल निदान चालताना दिसते. घागऱ्याखालची मोजडी दिसते. गाऊनखालचा बूट हा वधूवेषातला सगळ्यात झाकलेला भाग आहे, आणि नेमका त्याच भागासाठी मुलीने सगळ्यात जास्त सोसावं असा तुझा आग्रह.

तुझा खरा फोटो निघतो तो सकाळी, नवरी तयार होण्याआधी. फोटोग्राफर तुला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतो, शेजारी अंगठ्या, अत्तराची बाटली, गुच्छ. उजेड छान पडतो आणि तू अल्बमच्या पहिल्या पानावर जातेस. त्या फोटोत तुझ्यात पाय नसतो. तू घडवली गेलीस ती त्या फोटोसाठी, आणि उरलेला दिवस तुझ्यावर उभं राहायचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला येतं.

तो दिवस केवढा असतो, हे तू एकदा नीट ऐक. नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ सोडला की आमच्याकडे लग्नांची रीघ लागते. नाताळानंतरचा जानेवारी आणि पुढे मे महिना. सकाळी घरी आशीर्वाद, फोटो, शेजारीपाजारी. मग चर्च. मिस्सेत उभं राहायचं, गुडघे टेकायचे, परत उठायचं, वेदीच्या पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या, आणि हे सगळं मागचा ट्रेल सांभाळून. वचनं देताना, अंगठ्या घालताना, नोंदवहीत सही करतानाही ती उभीच. मग चर्चच्या आवारात नातेवाइकांबरोबर फोटो. मग मैदानावर किंवा वाडीत घातलेल्या मांडवातलं रिसेप्शन: ब्रास बँडच्या तालावर प्रवेश, केक, टोस्ट, पहिला नाच, मग वडिलांबरोबरचा, सासऱ्यांबरोबरचा, आणि शेवटी शेकडो पाहुण्यांशी उभ्याने हस्तांदोलन. गिरीज असो की नंदाखाल, पापडी असो की आगाशी, वेळापत्रक थोड्या फरकाने हेच. सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत नवरी बसते किती? जेवायला बसते तेवढंच, तेही अर्धवट.

त्याच मांडवात नवरा असतो. त्याच्या बुटाची टाच इंचभर, रुंद, सपाट. नाड्या बांधलेल्या, बोटांना जागा मोकळी. त्याला कुणी म्हणत नाही की एकच दिवस आहे, सोस. त्याने रात्री बूट काढून टेबलाखाली सरकवले असं मी कधी पाहिलं नाही. एकाच दिवसाची दोन माणसं, एकाच जमिनीवर, आणि दुखणं मात्र एकीच्याच वाट्याला. याचा जाब मी तुला विचारायला नको?

मांडवाची जमीन म्हणजे बहुधा माती किंवा हिरवळ, संध्याकाळी पाणी शिंपडून ओलसर केलेली. तुझं टोक जेमतेम एक चौरस सेंटिमीटरचं. ५५ किलोची मुलगी चालताना क्षणभर सगळा भार त्या टोकावर टाकते, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर ५५ किलो. चार सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनी टाच असती तर तोच भार सोळा चौरस सेंटिमीटरवर वाटला जाऊन प्रत्येकी साडेतीन किलोही भरला नसता. म्हणून तू मातीत रुततेस, फरशीच्या फटीत अडकतेस, जाजमाला भोक पाडतेस. नवरी एका हाताने गाऊन उचलते, दुसऱ्या हाताने नवऱ्याचा दंड घट्ट धरते, आणि लोकांना वाटतं की ती लाजते आहे.

एवढ्यावर भागत नाही. तुझा खरा डाव आम्हा शिवणाऱ्यांना ठाऊक आहे. जमिनीपर्यंतच्या गाऊनची दुमड नवरीच्या पायात जे असेल त्या उंचीला घेतात. पायात तू चार इंचांची असलीस की गाऊनही जवळपास तेवढाच जास्त लांब ठेवावा लागतो. लेसचा काठ असला तर दुमड घेणं हे दोन-दोन दिवसांचं काम, कारण लेस उसवून, वर सरकवून, हाताने पुन्हा बसवायची असते. एकदा ते झालं की नवरी तुझ्याशी बांधली गेली. रात्री नऊ-दहाच्या सुमारास पाय जुमानेनासे झाले आणि तिने तुला काढून टाकलं, तर गाऊन जमिनीवर लोळायला लागतो. पुढच्या पावलाला पाय घेरात अडकतो. नाचताना कुणाचा तरी बूट काठावर पडतो आणि लेस टराटरा सुटते. ओल्या मातीत पांढरं कापड पोटरीपर्यंत काळं होतं. तुला घालावं तर पाय जातो, काढावं तर गाऊन जातो. नवरीला अशा कात्रीत धरायचा अधिकार तुला कुणी दिला?

दुमड उसवलेले गाऊन दुरुस्तीला माझ्याकडे येतात तेव्हा काठावरचा चिखल मला सगळं सांगतो. कुठल्या मुलीने केव्हा हार मानली असेल, ते काठावरून कळतं. त्या रात्री तिला नाचायचं होतं. मैत्रिणी बोलावत होत्या. ती खुर्चीत बसून राहिली, किंवा घेर दोन्ही हातांनी उचलून चार पावलं नाचली आणि थांबली. बँडवाल्यांनी वाजवलं, पाहुण्यांनी मजा केली, आणि जिच्यासाठी हा सगळा थाट होता तिला लवकर घरी जावंसं वाटलं. तू तिच्याकडून हे हिरावून घेतलंस. माझा राग आहे तो याच्यासाठी.

आता पायाचं बोलू. माणसाच्या एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. सपाट उभं राहिल्यावर भार टाच आणि चवडा यांच्यात वाटला जातो. तू टाच उचलतेस तशी ही वाटणी मोडते आणि बहुतेक भार चवड्यावर, बोटांच्या मुळाशी येतो. पाय उतारावरून पुढे घसरतो आणि तुझ्या निमुळत्या टोकात बोटं कोंबली जातात. करंगळीला फोड येतो, अंगठ्याच्या सांध्याला जाळ होतो, पोटरीचे स्नायू आखडतात. वर्षानुवर्षं तुझी सवय असलेल्यांचा अंगठा आत वळून सांधा बाहेर येतो, हे अस्थिरोगतज्ज्ञ रोज पाहतात.

गुडघ्याचा हिशेब तर कागदावर मांडलेला आहे. हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या डॉ. केसी केरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपलं संशोधन छापलं. उंच टाचेने चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येणारा ताण अनवाणी चालण्यापेक्षा सरासरी २३ टक्क्यांनी वाढतो, आणि गुडघ्याच्या वाटीमागचा ताणही वाढतो, असं त्यांना आढळलं. गुडघ्याची झीज बहुतेकदा होते ती याच जागांवर. तुझ्या बाजूचे लोक म्हणाले, टोकदार टाच सोडा, रुंद घ्या. त्याच गटाने २००१ साली रुंद टाचाही तपासल्या. गुडघ्यावरचा ताण तिथेही तितकाच वाढलेला निघाला. म्हणजे तुझी धाकटी बहीण, ती चौकोनी ब्लॉक हील, मातीत रुतत नाही आणि तोल सांभाळते, एवढं श्रेय मी तिला देते. पण तीही चार इंचांची झाली तर गुडघ्याला त्यातून सुटका नाही. दोष रुंदीपेक्षा उंचीचा जास्त आहे. दुकानात ‘ही ब्लॉक आहे, त्रास होणार नाही’ असं सांगून उंच जोड विकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि तू घडतेस ती कुठल्या पायावर? बूट ज्या साच्यावर ओढून बसवतात त्याला कारागीर फर्मा म्हणतात. आपल्या बाजारातल्या मापांच्या मुळाशी परदेशी पाय आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय त्रिमिती स्कॅनरने मोजले. भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचं त्यात दिसून आलं, आणि त्यातूनच ‘भा’ ही भारतीय मापपद्धती पुढे आली. लहानपणापासून घरात अनवाणी वावरलेली, चपलेत वाढलेली आमची मुलगी. तिची बोटं पसरलेली, चवडा मोकळा. तिच्यासमोर तू अरुंद, टोकदार पांढरा जोड ठेवतेस. तो चढत नाही म्हणून ती एक माप मोठा घेते. आता लांबी जास्त झाली, टाच मागून निसटते, पाय पुढे घसरतो, आणि रुंदीला मात्र तो अजूनही कमीच. त्यात सॅटिन. चामडं घालता घालता सैल होतं, पायाचा आकार घेतं. सॅटिन हट्टी कापड, ते जागचं हलत नाही. ‘वापरून सैल होईल’ हे वाक्य तुझ्या बाबतीत कधीच खरं ठरत नाही.

तुझ्या वतीने सांगितलं जाणारं पहिलं कारण म्हणजे परंपरा. पांढऱ्या गाऊनखाली उंच टाच हवीच, असं. तर परंपरेचं मूळच पाहू. पांढऱ्या गाऊनची चाल जगभर पसरली ती बरीचशी राणी व्हिक्टोरियामुळे. १० फेब्रुवारी १८४० रोजी राजपुत्र अल्बर्टशी तिचं लग्न झालं, तेव्हा ती पांढरं सॅटिन आणि होनिटनची लेस ल्यायली होती. तिच्या पायात काय होतं? पांढऱ्या सॅटिनच्या, फितींनी घोट्याला बांधायच्या, सपाट तळाच्या स्लिपर. इंग्लंडमधल्या नॉर्थँप्टनच्या संग्रहालयात त्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. ज्या राणीकडे पाहून जगाने पांढरा गाऊन घेतला, तिच्या गाऊनखाली तू नव्हतीस.

तू मुळात नवरीची नाहीसच. युरोपात टाच आली ती सतराव्या शतकाच्या सुमारास, इराणी घोडेस्वारांकडून. रिकिबीत पाय घट्ट राहावा म्हणून. पुढे फ्रान्सचा चौदावा लुई आणि त्याचे दरबारी पुरुष लाल टाचा मिरवत. पेन्सिलीएवढी बारीक होऊन तू आलीस ती १९५०च्या दशकात, रॉजे व्हिव्हिए यांच्यासारख्या रचनाकारांच्या हातून, तेही पोटात पोलादाची सळई घातल्यावर. तेवढ्या आधाराशिवाय तुला स्वतःच्याच पायावर उभं राहता येत नव्हतं. घोड्यावरून दरबारात, दरबारातून फॅशनच्या मंचावर, आणि तिथून वेदीसमोर असा तुझा प्रवास. चर्चच्या कुठल्याही नियमात नवरीच्या टाचेची उंची लिहिलेली नाही. विवाहाच्या संस्काराला दोन माणसांची संमती लागते, साक्षीदार लागतात, धर्मगुरू लागतात. तू लागत नाहीस.

आमच्याकडची परंपरा म्हणशील तर मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या गावठाणांत लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात. घरी नवरीला नारळाचा रस लावतात, त्याला रोस म्हणतात. जुन्या काळी नवऱ्या लुगडं नेसत, गाऊन नंतर आला. त्या सगळ्या बायका दिवसभर उभ्या राहिल्या, नाचल्या, घरी आलेल्या पाहुण्यांना त्यांनी जेवू घातलं. त्यांच्या सोहळ्यात काही कमी होतं असं मला कुणी दाखवून द्यावं.

दुसरं कारण उंचीचं. नवरा उंच, नवरी बुटकी, फोटो बरा येणार नाही. याचं उत्तर मी २९ जुलै १९८१च्या लग्नातून देते. ब्रिटिश राजघराण्याची सून झालेल्या डायनाच्या लग्नाच्या बुटांवर ५४२ टिकल्या आणि १३२ मोती होते. क्लाइव्ह शिल्टन यांनी ते घडवले. एवढी कलाकुसर, आणि ती सारी पंचवीस फुटी ट्रेलच्या गाऊनखाली. पण टाच बसकी होती, कारण ती नवऱ्याइतकीच उंच होती आणि त्याच्यापेक्षा उंच दिसायला नको होती. तिच्या आधी १९५६ साली मोनाकोच्या राजपुत्राशी लग्न करताना ग्रेस केलीनेही टाच अडीच इंचांवरच ठेवली होती. म्हणजे नवरी उंच असली की तुला खाली उतरायला सांगतात आणि तू निमूट उतरतेस. नवऱ्याच्या डोक्याच्या उंचीसाठी तू लहान होऊ शकतेस, मग नवरीच्या पायासाठी का नाही? आणि दोघांमध्ये अर्धा फूट अंतर असलं तर ते तसंच दिसू दे. दोघांनी एकमेकांना त्याच उंचीने पसंत केलेलं असतं.

तिसरं कारण सगळ्यात घातक, कारण ते मायेच्या माणसांकडून येतं. ‘एकच तर दिवस आहे गं.’ काकू म्हणते, आत्या म्हणते, दुकानातली बाई म्हणते. होय, एकच दिवस आहे. म्हणूनच तो नीट घालवायचा आहे. दुखणाऱ्या पायांनी एखादी मीटिंग काढता येते, कारण ती पुन्हा येते. लग्नातला पहिला नाच पुन्हा येत नाही. म्हातारे आजोबा मांडवाच्या टोकाला बसलेले असतात, त्यांच्यापर्यंत चालत जाऊन त्यांच्या हाताची पापी घेण्याची वेळ पुन्हा येईलच असं नाही. आयुष्यात एकदाच येणारा दिवस दुखण्यात घालवायला सांगणं ही कुठली माया?

तुझ्या सक्तीविरुद्ध लोक भांडलेही आहेत. २०१५ साली लंडनमध्ये निकोला थॉर्प या तरुणीला स्वागतकक्षाच्या कामावर सपाट बूट घालून आली म्हणून घरी पाठवलं. तिने केलेल्या अर्जावर दीड लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि २०१७ साली ब्रिटिश संसदेत त्यावर चर्चा झाली. तिथे नोकरीचा नियम होता, म्हणून भांडता तरी आलं. आमच्या मुलींवर कुणाचाच नियम नाही. दुकानातल्या काचेच्या कपाटात तू दिव्याखाली बसतेस, मासिकात बसतेस, मैत्रिणीच्या अल्बममध्ये बसतेस, आणि मुलगी आपणहून शिक्षा घ्यायला येते. नियमापेक्षा हे मोडायला कठीण. म्हणून पत्राचा पुढचा भाग तुला ऐकू जावा असा, पण त्यांच्यासाठी लिहिते.

मुलींनो, गाऊन ठरवण्याआधी बूट ठरवा. निदान दुमड घेण्याआधी तरी. बाकी सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे. शिवणाऱ्याकडे पहिल्या फिटिंगला जाताना तेच बूट पिशवीत हवेत जे लग्नात घालणार आहात. ‘साधारण एवढ्या उंचीचे घेईन’ असं सांगून दुमड घेऊ देऊ नका. त्या बुटांत उभं राहिल्यावर समोरचा काठ जमिनीपासून अर्धा-पाऊण इंच वर राहिला पाहिजे, म्हणजे पाय अडकत नाही आणि बूटही झाकलेला राहतो.

बूट संध्याकाळी घ्या. दिवसभर चालल्यावर पाय सुजून थोडा मोठा होतो, आणि तुमच्या रिसेप्शनला असणार आहे तो हाच पाय. दुकानात जाण्याआधी कागदावर उभं राहून पेन्सिलीने पावलाची रेघ काढा, ती कातरून बरोबर न्या आणि बुटाच्या तळावर ठेवून पाहा. कागद कडेने वळत असेल तर तिथे तुमचं बोट वळणार आहे. असा जोड कितीही सुंदर असला तरी ठेवून द्या. अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. टाच दीड इंचापर्यंत ठेवा. नाचायची आवड असली तर त्याहून कमी. मांडव मातीवर असला तर रुंद ब्लॉक किंवा वेज घ्या. घोट्याला पट्टा असलेला बूट पायाला धरून ठेवतो, मग बोटांना आवळून बूट धरावा लागत नाही.

चर्चची फरशी गुळगुळीत असते आणि नव्या बुटाचा तळ तिच्याहून गुळगुळीत. नाक्यावरच्या गटई कामगाराकडून तळाला पातळ रबर लावून घ्या. खर्च थोडा, भरवसा मोठा. मग घरात, लादीवर, जिन्यावर रोज थोडा वेळ ते घालून वावरा. मोजे चढवा म्हणजे सॅटिन मळत नाही. कुठे टोचतंय ते लग्नाच्या आधी कळलं तर त्यावर उपाय करता येतो.

दुकानात मनासारखं मिळालं नाही तर करवून घ्या. मुंबईत चेंबूर-कुर्ल्याच्या बाजूला ठक्कर बाप्पा कॉलनीत बूट घडवणाऱ्या कारागिरांची वस्ती आहे. धारावीत आहेत. तुमच्या पावलाची रेघ आणि गाऊनचं उरलेलं कापड घेऊन जा. त्याच सॅटिनचा, त्याच लेसचा, तुमच्या रुंदीचा सपाट जोड ते करून देतील. तो गाऊनशी जितका जुळेल तितकं दुकानातलं काहीही जुळणार नाही, कारण तो त्याच कापडातून जन्मलेला असेल. शुभ्र रंगाच्याही दहा छटा असतात. पांढऱ्या गाऊनखाली पिवळसर आयव्हरी बूट ही तक्रार अशाने राहत नाही. कुणाला गाऊनखाली पांढरे कापडी बूट घालावेसे वाटले, कुणाला आजीने दिलेली कोल्हापुरी घालावीशी वाटली, तर तेही बरोबर. मात्र दुमड त्याच उंचीला घ्यायची, एवढं पाळा. आणि रिसेप्शनसाठी दुसरा जोड ठेवणार असाल तर तो पहिल्याच उंचीचा असू द्या.

आयांनो, मावश्यांनो, तुम्हालाही एक विनंती. फिटिंगच्या वेळी मुलगी आरशासमोर उभी असते तेव्हा तिला ‘कशी दिसतेस’ सांगण्याआधी ‘पाय कसे आहेत’ हे विचारा. ती खरं उत्तर देईपर्यंत विचारा.

टाचे, आता तुझ्याकडे वळते. तुझ्यावर कुणी स्वखुशीने चढत असेल, तुझ्यावर सहज चालत असेल, तिला मी अडवणार नाही. अशा बायका आहेत, आणि त्यांचा पाय त्यांचा आहे. पण जिला तू टोचतेस, जिला तुझी भीती वाटते, जी केवळ ‘नवरी आहे म्हणून’ तुझ्यावर उभी राहते, तिच्या आणि तुझ्या मध्ये मी बसलेली आहे. दुमड माझ्या हातात आहे. येत्या हंगामापासून माझ्याकडे बूट न आणता येणाऱ्या मुलीच्या गाऊनची दुमड मी घेणार नाही. बूट आणलेल्या मुलीला आधी माझ्या अंगणात चालायला लावणार आहे, मातीवर, पायरीवर, आणि गाणं लावून नाचायलाही. ती हसत परत आली तरच टाचणी लावीन. तिचं तोंड कसनुसं झालं तर तुला पिशवीत घालून दुकानात परत पाठवीन, आणि पावती जपून ठेव असं तिला आधीच सांगितलेलं असेल.

हे मी एकटीने केलं तर तुला फारसं लागणार नाही. म्हणून बांद्र्यापासून वसईपर्यंत आणि पुढे गोव्यात गाऊन शिवणाऱ्या प्रत्येकीला मी हेच करायला सांगते आहे. नवरीचा दिवस नवरीचा आहे. त्यातली एक घटकाही आता तुला मिळणार नाही.

गाऊन शिवणारी,
एक वसईकर